विश्लेषण : थ्रीडी ॲनिमेशनला पेन्सिल पुन्हा का हवी झाली?

२०२३ मध्ये आलेल्या ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात मुंबई आणि मॅनहॅटन यांची मिसळ असलेले ‘मुंबॅटन’ नावाचे शहर आहे. या शहराचे रंग आणि रेघ ठरवताना चित्रकारांनी १९७०च्या दशकातील इंद्रजाल कॉमिक्स समोर ठेवली होती. मुंबईतून निघणाऱ्या, मराठीतही मिळणाऱ्या आणि वेताळाच्या गोष्टींसाठी इथल्या मुलांनी भाड्याने आणून वाचलेल्या त्या पुस्तिकांची छाप हॉलिवूडच्या महागड्या थ्रीडी चित्रपटात उतरली. संगणकाला ‘खऱ्यासारखे’ दाखवायला शिकवण्यात काही दशके घालवल्यावर मोठे स्टुडिओ आता त्याला ‘हाताने काढल्यासारखे’ दाखवायला शिकवत आहेत. हा बदल समजून घेणे ॲनिमेशनमध्ये करिअर करू पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांची फी भरणाऱ्या पालकांसाठीही गरजेचे आहे.

हाताने काढलेले आणि थ्रीडी, फरक नेमका कुठे?

सिनेमाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. दीड तासाच्या चित्रपटात एकच पात्र सतत पडद्यावर आहे असे धरले, तरी ६४ हजार ८०० चित्रे होतात. हालचालीतली महत्त्वाची चित्रे मुख्य ॲनिमेटर काढतो, मधली चित्रे सहायक भरतात.

थ्रीडीत चित्र नसते, बाहुली असते. पात्राची आकृती संगणकात एकदाच घडवतात आणि तिच्या आत हलवता येईल असा सांगाडा बसवतात. व्यवसायात त्याला ‘रिग’ म्हणतात. ॲनिमेटर बाहुलीला महत्त्वाच्या क्षणी हवे तसे उभे करतो, मधला प्रवास संगणक गणिताने भरून काढतो. प्रकाश, सावली, कॅमेऱ्याचा कोन नंतरही बदलता येतो. कागदावर कोन बदलायचा म्हणजे सगळे पुन्हा काढायचे.

मेख आहे ती ‘मधल्या’ चित्रांत. चेंडू आदळण्याआधी तो किती लांबट काढायचा, झटक्यात वळणारा हात एका चित्रापुरता नुसता रंगाचा फटकारा म्हणून दाखवायचा का, हे कागदावर कोणी तरी माणूस ठरवतो. संगणकाला सांगितले नाही तर तो एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत गुळगुळीत वाटेने सरकतो. कच्च्या थ्रीडीतली पात्रे पाण्यात तरंगल्यासारखी का चालतात, याचे उत्तर इथे आहे.

मिकी माऊसचे कान हे याचे सर्वांत सोपे उदाहरण. चित्रातला मिकी कुठेही वळला तरी त्याचे दोन्ही कान पूर्ण गोल दिसतात. खऱ्या वस्तूत हे शक्य नाही. बाजूने पाहिल्यावर चकती पातळच दिसणार. त्यामुळे थ्रीडीतल्या मिकीचे कान जुन्यासारखे दिसायला हवे असतील, तर ते त्याच्या डोक्यावरून कॅमेऱ्याच्या हिशेबाने सरकवावे लागतात. चित्र बिनदिक्कत खोटे बोलते आणि प्रेक्षक ते खुशीने मान्य करतो. बाहुलीला मात्र हे खोटे बोलणे शिकवावे लागते. हाताचे ॲनिमेशन आणि थ्रीडी यांच्यातला पूल म्हणतात तो मुख्यतः हाच.

दोन्हींची सांगड पहिल्यांदा कधी घातली गेली?

१९९५च्या ‘टॉय स्टोरी’ने संगणक आणला आणि पेन्सिल गेली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्याआधी दशकभर दोघे एकाच टेबलावर होते. डिस्नेच्या १९८६ सालच्या ‘द ग्रेट माऊस डिटेक्टिव्ह’मध्ये बिग बेन घड्याळाच्या पोटातली दातेरी चाके संगणकाने मोजली, त्यांच्या रेघा यंत्राने कागदावर उमटवल्या आणि त्यांत पात्रे हाताने काढली. ‘ब्युटी अँड द बीस्ट’ (१९९१) मधल्या नृत्यदालनात कॅमेरा झुंबराजवळून खाली फिरतो ते दालन संगणकाचे आणि नाचणारी जोडी कागदावरची. ‘द लायन किंग’ (१९९४) मधली रानगव्यांसारख्या वाइल्डबीस्ट प्राण्यांची चेंगराचेंगरीही संगणकावरची. फक्त प्रत्येक प्राण्यावर सपाट रंग आणि काळी रेघ अशी बसवली, की तो कळप हाताने काढलेल्या सिंबाशेजारी परका वाटू नये.

या काळातले सर्वांत शहाणे उदाहरण म्हणजे ब्रॅड बर्ड यांचा ‘द आयर्न जायंट’ (१९९९). त्यातला लोखंडी राक्षस संगणकावर घडवला आणि माणसे हाताने काढली. लोखंड वाकत नाही, त्याचा आकार चौकटीगणिक अचूक राहायला हवा, हे काम यंत्राचे. पण राक्षसाच्या रेघा इतक्या काटेकोर आल्या, की शेजारच्या मुलाच्या रेघेपुढे त्या उपऱ्या दिसू लागल्या. मग तंत्रज्ञांनी त्या रेघा किंचित थरथरवणारा प्रोग्रॅम लिहिला. यंत्राची अचूकता मुद्दाम बिघडवली, तेव्हा दोघे एका जगातले वाटले.

‘ट्रेझर प्लॅनेट’ (२००२) त्याच्याही पुढे गेला. त्यातल्या जॉन सिल्व्हर या चाच्याचे शरीर ग्लेन कीन यांनी कागदावर काढले आणि त्याच माणसाचा यांत्रिक हात संगणकावर हलवला. एका देहात दोन तंत्रे. चित्रपटगृहात मात्र तो आपला खर्चही वसूल करू शकला नाही.

मग पेन्सिल बाजूला का पडली?

कारण हिशेब सोपा दिसत होता. ‘टॉय स्टोरी’, ‘श्रेक’, ‘फाइंडिंग निमो’ धो धो चालले. त्याच सुमारास हाताने काढलेले काही मोठे चित्रपट पडले. निष्कर्ष काढला गेला, की लोकांना आता चित्र नको, थ्रीडी हवे. २००४ मध्ये डिस्नेने फ्लोरिडातील ॲनिमेशन स्टुडिओ बंद केला. ‘मुलान’ आणि ‘लिलो अँड स्टिच’ तिथे तयार झाले होते.

हा निष्कर्ष तेव्हाही चुकीचाच होता. ‘लिलो अँड स्टिच’ हाताने काढलेला, २००२ मधला आणि चांगला चाललेला चित्रपट. हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले ते २००३ मध्ये. पडलेल्या चित्रपटांची गोष्ट फसली होती, त्याचे खापर पेन्सिलवर फुटले. उत्पादनाची पद्धत आणि उत्पादनाचा दर्जा यांत गल्लत करणे ही व्यवस्थापकांची जुनी खोड आहे. सिनेमा तिला अपवाद नाही.

यातला विरोधाभास असा, की थ्रीडीचा पायाच पेन्सिलवाल्यांनी घातला होता. डिस्नेतील फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. दाबणे-ताणणे, हालचालीआधीची तयारी, वळणदार मार्ग वगैरे. जॉन लॅसेटर यांनी १९८७ मध्ये एका निबंधात ही जुनी तत्त्वे थ्रीडीत कशी वापरायची हे दाखवले. ते स्वतः हाताने काढायला शिकलेले ॲनिमेटर. पिक्सारचा टेबललॅम्प जिवंत वाटला तो त्यामुळे. म्हणजे यंत्राने पेन्सिलला हरवले हे खरे नाही. पेन्सिल शिकलेला माणूस यंत्रावर बसला म्हणून यंत्र चालले. हे विसरून माणसांनाच घरी पाठवले गेले.

नवा पूल कसा बांधला गेला?

सुरुवात साध्या गोष्टीने झाली. ‘टँगल्ड’ (२०१०) करताना ग्लेन कीन थ्रीडी ॲनिमेटरांच्या कामावर, पडद्यावरच्या चौकटीवरच, रेखाटून दुरुस्ती सुचवत. मान थोडी अजून कलती कर, भुवईचा बाक असा घे. ही रेखाटने चित्रपटात दिसत नाहीत, त्यांचा परिणाम दिसतो.

मग प्रश्न आला, की ही रेघ पडद्यावरच का ठेवू नये? जॉन कार्स यांच्या ‘पेपरमॅन’ (२०१२) या लघुपटाने त्याचे उत्तर दिले. त्यात खाली थ्रीडी हालचाल होती आणि वर चित्रकारांनी काढलेल्या रेघा. ‘मिअँडर’ नावाचे सॉफ्टवेअर त्या रेघा खालच्या हालचालीला चिकटवून पुढच्या चौकटींत नेई. चित्रकाराला नको ती रेघ पुसण्याची, नवी काढण्याची मुभा होती. लघुपटाला ऑस्कर मिळाले.

खरा धक्का दिला तो २०१८च्या ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ने. हालचाल गुळगुळीत करणारी नेहमीची धूसरता त्यातून काढून टाकली. छापील कॉमिक्ससारखे ठिपके आणले. हाताच्या ॲनिमेशनप्रमाणे एक स्थिती दोन चौकटी धरून ठेवली. त्यातही एक खुबी आहे. जंगलातल्या दृश्यात नवखा माइल्स सेकंदाला १२ स्थितींत हलतो आणि मुरलेला पीटर पार्कर २४ स्थितींत. शिकाऊ पोराचा अडखळलेपणा संवादात सांगावा लागत नाही, तो डोळ्यांना जाणवतो. असा निर्णय सॉफ्टवेअर सुचवत नाही. मनासारखी पहिली १० सेकंदे हाती यायला या चमूला सुमारे वर्ष लागले होते.

चेहऱ्यांवरच्या रेघांची गोष्ट अधिक बोलकी आहे. हसताना गालावर, रागावल्यावर कपाळावर कुठे रेघ पडेल, हे आधी चित्रकारांनी काढून ठरवले. त्यावरून मशीन लर्निंगने पुढच्या चौकटींतल्या रेघांचा अंदाज बांधला आणि तो अंदाज पुन्हा चित्रकारांनी दुरुस्त केला.

उलट्या बाजूनेही पूल बांधला गेला. माद्रिदच्या सर्जिओ पाब्लोस यांचा ‘क्लाउस’ (२०१९) पाहून अनेकांना तो थ्रीडी वाटला. त्यातली पात्रे हाताने काढलेली आहेत. चित्रकार प्रकाश कुठून येतो ते सांगतो आणि सॉफ्टवेअर हलत्या रेघांचा माग काढत ती प्रकाशछाया पुढे नेते. इथे चित्राला बाहुलीचे वजन मिळाले, रेघ मात्र तीच राहिली.

गेम खेळणाऱ्यांना जपानचा ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’ (२०१४) आठवेल. त्यातले योद्धे थ्रीडी आहेत यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. त्याच्या तंत्रज्ञांनी संगणकाची मधली हालचाल भरण्याची सोयच बंद केली. प्रत्येक स्थिती माणसाने लावली, त्या चौकटीत चांगला दिसावा म्हणून हात लांब केला, नाक सरकवले, प्रत्येक पात्राला वेगळा प्रकाश दिला. यंत्राची सर्वांत मोठी सोय नाकारून हा परिणाम मिळाला.

या सगळ्याची किंमत काय?

ती बहुधा माणसेच मोजतात. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’वर काम केलेल्या काही कलावंतांनी २०२३ मध्ये नाव न सांगता अमेरिकी माध्यमांकडे तक्रार केली, की तयार झालेली दृश्ये पुन्हापुन्हा बदलली गेली आणि त्यासाठी महिनोन्महिने अति तास काम करावे लागले. चित्रपट घडताना बदल होतातच, अशी निर्मात्यांची बाजू होती. दोन्ही ऐकल्यावर एवढे तरी दिसते, की ‘थ्रीडीत काहीही नंतर बदलता येते’ ही सोय आणि ‘प्रत्येक चौकट हाताने सजवलेली’ ही अपेक्षा एकत्र आली, की मधल्या फळीतला माणूस चिरडतो. कागदावरच्या ॲनिमेशनमध्ये बदल महाग असे, म्हणून दिग्दर्शक आधी विचार करत. ही शिस्त पुलावरून अलीकडे आलेली नाही.

पैसा नसताना हे शक्य आहे का?

आहे, आणि ते ‘आय लॉस्ट माय बॉडी’ या २०१९च्या फ्रेंच चित्रपटाने दाखवले. एक तुटलेला हात आपल्या शरीराच्या शोधात पॅरिसभर फिरतो, अशी त्याची विलक्षण गोष्ट. दिग्दर्शक जेरेमी क्लापाँ यांच्या चमूने आधी थ्रीडीत हालचाल आणि कॅमेरा बसवला आणि त्यावर रेघा काढल्या. त्यासाठी वापरलेले ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यातल्या ‘ग्रीस पेन्सिल’ या सोयीने थेट त्रिमितीय अवकाशात रेघ काढता येते. काढलेल्या चित्राभोवती कॅमेरा फिरवता येतो. कान महोत्सवातील समीक्षक सप्ताहात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्करचे नामांकनही. कोट्यवधींच्या खासगी सॉफ्टवेअरची मक्तेदारी इथे मोडली. उरली ती रेघ काढता येणाऱ्या हातांची गरज.

महाराष्ट्राचा यात संबंध काय?

जुना आणि सलग. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतल्या काड्या चौकटीगणिक हलवून नाचवल्या, ते शतकापूर्वी. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. जी. के. गोखले, राम मोहन यांची पिढी तिथे घडली. जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ (१९५७) त्या विभागाचा. मुंबईत आज चित्रवाणीसाठी थ्रीडी मालिका घाऊक प्रमाणात निघतात. ‘मोटू पतलू’ ही जोडीसुद्धा मूळची ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकात कागदावर काढलेली होती.

थ्रीडीत आल्यावर मोटू आणि पतलू गोल झाले, चकचकीत झाले. कागदावरच्या रेघेचे काय झाले हे मात्र कोणी विचारले नाही. ठरावीक वेळेत, ठरावीक पैशांत भाग द्यायचे असतात हे मान्य. पण आपल्याकडे थ्रीडी आले ते प्रामुख्याने स्वस्त आणि जलद म्हणून, आणि त्याचे व्याकरण कामाच्या घाईतच ठरले. दुसऱ्या टोकाला गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ (२०१९) आहे. जे. जे. उपयोजित कला संस्थेतच शिकलेल्या राव यांच्या चमूने तो संगणकावर, पण चौकटीमागून चौकट हाताने रंगवून पूर्ण केला. व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली. या दोन टोकांच्या मधली जागा, म्हणजे थ्रीडीची गती आणि हाताची रेघ यांची सांगड, आपल्याकडे जवळपास रिकामी आहे.

प्रेक्षक नाही, ही सबब आता चालणार नाही. २०२५ मध्ये ‘महावतार नरसिंह’ या ॲनिमेशनपटाने तीनशे कोटी रुपयांच्या पुढे गल्ला जमवला. त्याच वर्षी राज्याने ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण आणले आणि मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. पैसा आणि इमारती येत आहेत. त्यांत शिकवायचे काय, हा मुद्दा आहे.

शिकवण्यात नेमके काय चुकते?

शहरातल्या कुठल्याही ॲनिमेशन क्लासचे माहितीपत्रक उघडावे. सॉफ्टवेअरची यादी पहिल्या पानावर, रेखाटन झालेच तर पहिल्या सत्रातले काही तास. पालकांनाही तेच बरे वाटते. सॉफ्टवेअर म्हटले की नोकरी दिसते, चित्रकला म्हटले की छंद. पण सॉफ्टवेअरची आवृत्ती दरवर्षी बदलते आणि त्यातले बटण कुठे आहे हे कुठल्याही मुलाला मोबाइलवरच्या फुकट व्हिडीओत सापडते. वजन एका पायावर टाकून उभ्या असलेल्या माणसाचा खांदा कुठल्या बाजूला कलतो, हे मात्र माणसे पाहून, शेकडो वेळा काढूनच कळते. हे ज्याला कळले नाही, त्याची बाहुली कितीही महाग सॉफ्टवेअरमध्ये लाकडीच उभी राहते.

आता एआय मधली चित्रे भरू लागले आहे, मग रेखाटन शिकून काय उपयोग, असा प्रश्न विचारला जातो. भीती निराधार नाही. नवख्या मुलांना आतापर्यंत पहिली नोकरी मधली चित्रे भरण्याची किंवा बाहेरदेशीच्या स्टुडिओंची सुटी कामे करण्याची मिळत असे, आणि धोका त्याच नोकऱ्यांना आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. यंत्राने दिलेल्या शंभर चौकटींतली कुठली चुकली, हे ओळखणाराच टिकेल. स्पायडर-मॅनच्या गालावरची रेघ दुरुस्त करणारा चित्रकार तेच करत होता. केवळ बटणे शिकलेल्या मुलाकडे ती नजर येणार कुठून?

आयआयटी मुंबईतील आयडीसीसारख्या डिझाइन संस्थेत पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘सीड’ परीक्षेत हाताने रेखाटनाची कसोटी असते. अमेरिकेतील कॅलआर्ट्स ही संस्था ॲनिमेशनच्या अर्जासोबत जिवंत माणसे पाहून काढलेली चित्रे मागते. प्रवेश घेण्याआधी पालकांनी क्लासला विचारायला हवे ते हेच : आठवड्यात रेखाटनाचे तास किती, ते शिकवते कोण, आणि तिसऱ्या सत्रातही ते असतात का?

आणि राज्याला नवे काही शोधायचीही गरज नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना महाराष्ट्रात दरवर्षी मोठ्या संख्येने शाळकरी मुले बसतात, अगदी तालुक्याच्या गावांतूनही. एलिमेंटरीत ‘स्मरणचित्र’ नावाचा विषय असतो : समोर काही नसताना बाजार, पाणवठा, खेळणारी मुले आठवून काढायची. हलणारे माणूस आठवणीतून कागदावर उतरवणे हीच ॲनिमेटरची पहिली परीक्षा. ही मुले दहावीच्या वाढीव गुणांची बेरीज झाली, की रंगपेटी माळ्यावर टाकतात. धोरणातल्या निधीतून याच शाळांत एक जुना संगणक, एक साधा पेन टॅबलेट आणि फुकट मिळणारे ब्लेंडर पोहोचवायला फार मोठी तरतूद लागत नाही. कलाशिक्षकांची रिक्त पदे भरायला मात्र लागते.